प्लेटवर बुरशी मेली म्हणून पेशंटला तेल पाजायचं का?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत हॉस्पिटलमधल्या बुरशीवर सुगंधी तेलं कशी रामबाण आहेत यावर अर्धं पान लेख आला होता, त्यात लवंग, ओवा, दालचिनी, गवती चहा, टी ट्री सगळं होतं आणि खाली एक चौकट होती, कोणत्या तेलाचे किती थेंब कोमट पाण्यात टाकून प्यायचे त्याची. लेखाशी माझं अर्धं भांडण आहे, चौकटीशी पूर्ण. पत्र लांब झालंय, कुठे कापायचं असेल तर बिनधास्त कापा, फक्त चौकटीबद्दल जे लिहिलंय ते कापू नका.

मी नागपुरात एका खासगी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीला आहे, धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांची ब्लड कल्चर, युरीन कल्चर, म्हणजे रक्तात-लघवीत जंतू वाढतात का ते बघायच्या तपासण्या, आमच्याकडे येतात. डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, त्यामुळे कोणाला कोणतं औषध द्यायचं हे मी सांगत नाही, पण बाटलीतून जंतू वाढवायच्या प्लेटवर काय उगवतं ते रोजच बघते आणि त्यातलं थोडंफार कळतं.

आधी ही बुरशी कोणती ते सांगते, कारण लेखात सगळ्या फंगसची खिचडी झाली होती. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत अख्ख्या नागपूरने म्युकर पाहिला, डोळा काढावा लागलेले पेशंट पाहिले, अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोक या मेडिकलमधून त्या मेडिकलमध्ये हिंडले, शेवटी आपल्या वर्ध्याच्याच एका कंपनीत त्याचं उत्पादन सुरू झालं तेव्हा कुठे जरा श्वास घेता आला. तेव्हापासून आपल्याकडे फंगस म्हटलं की लोकांना काळी बुरशीच आठवते. ती धाग्यांची बुरशी. मी ज्याबद्दल बोलतेय ते कॅन्डिडा, यीस्ट, गोल-अंडाकृती पेशींचं प्रकरण, आणि ते दरवेळी बाहेरून येतं असंही नाही, तुमच्या माझ्या तोंडात, आतड्यात, कातडीवर ते असतंच आणि एरवी निमूट पडून असतं. पेशंट आयसीयूत गेला, मानेतून सेंट्रल लाईन, म्हणजे मोठ्या शिरेत जाणारी नळी, टाकली, दोन-तीन भारी अँटिबायोटिक चालू झाले, पोटाचं ऑपरेशन झालेलं आहे, शुगर आहे, तोंडाने काही जात नाही म्हणून शिरेतून खाणं चाललंय, की याला रान मोकळं मिळतं. अँटिबायोटिकने बॅक्टेरिया मरतात, यीस्टला काही होत नाही, उलट त्याची जागा वाढते आणि मग ते रक्तात शिरतं. बाहेरून बघितलं तर फक्त ताप, उतरत नाही एवढंच. कमी दिवसाच्या बाळांमध्ये तर कधी कधी तापही नसतो.

आमच्याकडे पेशंटच्या रक्ताची बाटली मशीनमध्ये वाजली, म्हणजे आत काही वाढलं, की थेंबभर रक्त काचेवर घेऊन ग्राम स्टेन करतो, रंग लावून मायक्रोस्कोपखाली बघतो. जांभळ्या अंडाकृती पेशी दिसतात, बॅक्टेरियापेक्षा चांगल्याच मोठ्या, आणि एखादीच्या कडेला छोटी पेशी फुटून राहिलेली असते, कोंब आल्यासारखी. ते दिसलं की रिपोर्ट टाईप व्हायची वाट बघायची नाही, आधी वॉर्डात फोन. आणि ज्यांच्या रक्तात किंवा आतल्या अवयवांत कॅन्डिडा शिरलेला आहे त्यातल्या साधारण निम्म्यांचीच कल्चर पॉझिटिव्ह येते, म्हणजे आमच्या बाटलीत काही आलं नाही म्हणून पेशंट सुटला असंही नाही.

हे किती मोठं आहे? चंदीगडच्या पीजीआय हॉस्पिटलच्या डॉ. अरुणालोक चक्रवर्ती यांच्या पुढाकाराने देशातल्या २७ आयसीयूंमध्ये २०११-१२ मध्ये मोठी पाहणी झाली होती, तिच्यात दर हजार आयसीयू भरतींमागे साडेसहा जणांच्या रक्तात आयसीयूत असताना कॅन्डिडा शिरलेला सापडला, आणि त्यातले ४५ टक्के पेशंट महिन्याभरात गेले. सगळे बुरशीनेच गेले असं नाही, मुळातच आजारी लोक ते, पण बुरशीच्या खात्यावर टाकायचे मृत्यूही जवळपास २० टक्के निघाले. आणखी एक गोष्ट, पुस्तकात नेहमी कॅन्डिडा अल्बिकान्स ही जात असते पण आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडतं ते कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस, त्या पाहणीत ४० टक्क्यांहून जास्त तेच होतं. रंग बदलणाऱ्या प्लेटवर अल्बिकान्स हिरवं येतं आणि ट्रॉपिकॅलिस निळसर, आमच्याकडे निळ्या प्लेटा काही कमी नसतात.

आणि मग कॅन्डिडाची आणखी एक जात, ऑरिस. २००९ मध्ये जपानमध्ये एका पेशंटच्या कानात पहिल्यांदा सापडलं, २०१३ मध्ये दिल्लीच्या डॉ. अनुराधा चौधरी यांच्या टीमने भारतातल्या हॉस्पिटलमधल्या पेशंटची माहिती छापली आणि तिथून ते सगळ्या जगाची डोकेदुखी झालं. कोविडमध्ये दिल्लीच्या एका आयसीयूत १५ पेशंटच्या रक्तात कॅन्डिडा निघाला त्यातले १० ऑरिस होते आणि त्या १० पैकी ६ गेले. याचा त्रास असा की ते कातडीवर चिकटून बसतं, पलंगाच्या कठड्यावर, मॉनिटरच्या बटणावर, बीपीच्या पट्ट्यावर आठवडेच्या आठवडे जिवंत राहतं, रोजच्या पुसायच्या अनेक केमिकलला जुमानत नाही, आणि वरून जुन्या ओळखायच्या मशीनी त्याला भलत्याच जातीचं नाव देतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे आकडे आहेत, तिथल्या ऑरिसपैकी साधारण ९० टक्के फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत, ३० टक्के अ‍ॅम्फोटेरिसिनला. तिसरा औषधांचा गट, कॅस्पोफंजिन-मायकाफंजिन वगैरे, तो अजून बऱ्यापैकी चालतो पण रोजचा खर्च हजारांत आणि पेशंट आयसीयूत आठवडे काढून राहिला, घरच्यांनी आधीच शेत गहाण टाकलेलं. २०२२ मध्ये डब्ल्यूएचओने धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, त्यात एकूण १९ नावं आणि सगळ्यात वरच्या गटात चार, त्या चारात ऑरिस पण आहे आणि आपलं जुनं अल्बिकान्स पण.

मुद्दा असा की रक्तातल्या यीस्टवर आपल्याकडे औषधांचे मोजून तीन मोठे गट आहेत, बॅक्टेरियावर जसे ढीगभर अँटिबायोटिक आहेत तसं इथे नाही. बुरशीची पेशी आणि आपली पेशी एकमेकीच्या बऱ्याच जवळच्या, तिला मारायला जावं तर आपल्यालाही लागतं, म्हणून नवीन औषध सापडायला वेळ लागतो. म्हणून शास्त्रज्ञ झाडांच्या तेलांकडे बघून राहिले आहेत. त्यात येडेपणा काहीच नाही. लेखाचं कौतुक इथपर्यंत.

तेलं खरंच काम करतात, प्लेटवर. लवंगेच्या तेलात ७०-८० टक्के युजेनॉल असतं, ओव्याच्या तेलात थायमॉल, गवती चहात सिट्रल, दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड, टी ट्रीमध्ये टर्पिनेन-४-ऑल, आणि ही सगळी मंडळी बुरशीच्या पेशीच्या बाहेरच्या पडद्यात घुसून त्याला भोकं पाडतात, आतलं पोटॅशियम वगैरे बाहेर गळतं आणि पेशी जाते. औषध सहसा एकाच जागेवर मारतं, त्यामुळे बुरशी ती एक जागा बदलून मोकळी होते, तेल एकाच वेळी चार ठिकाणी मारतं म्हणून त्याला सरावणं तिला जड जातं असं अभ्यासक म्हणतात. फ्लुकोनॅझोलबरोबर युजेनॉल किंवा थायमॉल दिलं तर दोघांची कमी मात्रा पुरते असंही लॅबमध्ये बऱ्याच ठिकाणी दिसलंय. कॅथेटरच्या आत बुरशी जो चिकट थर करते, बायोफिल्म, ज्यात औषध पोचतच नाही, त्यावरही काही तेलांचा परिणाम दिसतो. ऑरिसवरही प्रयोग झालेत आणि तिथेही तेलं पास झालीत.

आमच्याकडे मध्ये एक एमएस्सीची पोरगी प्रोजेक्टसाठी आली होती, तिच्यासोबत मी हे करून बघितलं म्हणून सांगते, प्लेटवर तेल तपासणं दिसतं तेवढं सोपं नसतं. कागदाच्या चकतीवर लवंगेचं तेल टाकून प्लेटवर ठेवलं तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ पडतं, लोक तेच वर्तुळ मोजून पेपर लिहून मोकळे होतात. पण तेल पाण्यात विरघळत नाही, प्लेटवरची जेली, अगार, म्हणजे बहुतेक पाणीच, त्यामुळे ते पसरतं कमी आणि उडतं जास्त. आम्ही एकाच प्लेटवर चार चकत्या ठेवल्या तर लवंगेच्या वाफेने शेजारच्या कोऱ्या चकतीपर्यंतचं सगळं साफ, आता यातलं कोणतं वर्तुळ कोणाचं ते ओळखा. मग द्रवात करायचं म्हटलं तर तेल पाण्यात मिसळायला ट्वीन नाहीतर डीएमएसओ टाकावं लागतं, मग त्याचाच वेगळा कंट्रोल, म्हणजे तेल न घालता नुसत्या त्याची तपासणी, लावा. संत्र्याच्या सालीचं तेल टाकलं तर प्लास्टिकची प्लेटच धुरकट झाली, लिमोनिनने पॉलिस्टायरिन विरघळतं ना. पोरं फुग्यावर संत्र्याची साल पिळून फटकन फोडतात, तेच हे. म्हणून पेपरमध्ये एवढे मिलीमीटर तेवढे मिलीमीटर वाचलं की मी आधी प्लेट कशी लावली ते शोधते.

पण हे आमचे लॅबवाल्यांचे रडगाणे, मोठी अडचण पुढे आहे. लेखात लिहिलंय की लवंगेचं तेल "अत्यल्प मात्रेत" कॅन्डिडा मारतं. अत्यल्प म्हणजे किती? युजेनॉलचे आकडे पेपरगणिक वेगळे आहेत पण बऱ्याच ठिकाणी मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅमच्या आसपास लागतात. फ्लुकोनॅझोलला साध्या अल्बिकान्ससाठी २ किंवा त्याहून कमी पुरतात. आता हिशोब करा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त, त्यात मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅम ठेवायचे तर नुसत्या रक्तातच अडीच ग्रॅम युजेनॉल एका वेळी पाहिजे, मांस, चरबी, लिव्हर यांच्यात जे मुरेल ते वेगळं. आणि खाण्यातून रोज किती युजेनॉल चालतं याची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने घातलेली मर्यादा आहे वजनाच्या किलोमागे अडीच मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला १५० मिलिग्रॅम. अडीच ग्रॅम म्हणजे त्याच्या सोळापट, तेही रक्तात सतत टिकवून धरायचं. लिव्हर तर युजेनॉल आलं की लगेच त्याला बांधून लघवीवाटे बाहेर काढायच्या मागे लागतं, आणि जे रक्तात उरतं त्यातलं बरंच प्रथिनांना चिकटून बसतं, बुरशीपर्यंत पोचतच नाही. थेंब वाढवत गेलात तर बुरशीच्या आधी लिव्हर बसेल. १९९३ मध्ये इंग्लंडच्या एका वैद्यकीय मासिकात केस आली होती, दोन वर्षांच्या पोराने ५ ते १० मिली लवंगेचं तेल पिलं, झटके आले, कोमात गेला, लिव्हर बिघडलं, डॉक्टरांनी कसंबसं वाचवलं. ५ मिली म्हणजे आपला चहाचा एक चमचा. निलगिरीच्या आणि कापराच्या तेलानेही लहान पोरांना झटके येतात हे कोणत्याही बालरोगवाल्या डॉक्टरला विचारा. टी ट्री तर प्यायचं नसतंच, बाटलीवरच लिहिलेलं असतं.

आणि तुमच्या चौकटीत काय होतं, "ओवा किंवा लवंग तेल, ५ थेंब, दिवसातून तीनदा, बुरशी संसर्ग असलेल्या रुग्णास." वय नाही, वजन नाही, लिव्हर-किडनीचं काही नाही, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का ते नाही. आयसीयूतून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाला हे पाजा म्हणून छापलंय. कोण देतं बाप्पा असं छापायला?

लोक हे करतात, मी उगीच नाही म्हणत. चौकटीचा फोटो दुसऱ्या दिवशीच आमच्या नात्यातल्या ग्रुपवर आला होता. आणि त्याच आठवड्यात आमच्या सॅम्पल काउंटरवर एक पोरगा आला, वडील आयसीयूत, हातात इतवारी बाजारातून आणलेली तपकिरी बाटली आणि मोबाईलमध्ये तोच फोटो. म्हणतो, "ताई, बाबाच्या मानेतल्या नळीच्या पट्टीवर दोन थेंब टाकले त चालते का, डॉक्टरले विचारलं त रागावतीन." मी म्हटलं अजिबात नको, आणि डॉक्टर रागावले तर रागावू दे पण विचार. त्याला समजावून सांगितलं की बाटली काही निर्जंतुक नसते, तेलाने पट्टीचा गोंद सुटतो, पट्टी सुटली की तिथूनच जंतू आत जातात, म्हणजे ज्याच्यासाठी टाकायचं तेच उलट होईल, आणि काही तेलं नळीचं प्लास्टिकही खराब करतात. शिवाय त्या बाटलीत काय आहे ते कोणाला माहीत, लेबलवर लवंग तेल लिहिलेलं, आत निम्मं पॅराफिन आणि सेंट असलं तरी वासाने कळत नाही. पोरगा ऐकून गेला. रागावण्यासारखं त्याने काही केलं नव्हतं, डॉक्टर दिवसातून दोन मिनिटं बोलतात, बाकीचा वेळ आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसून मोबाईल बघायचा, त्यात कोणीतरी म्हणतं हे करून पाहा, माणूस करतो.

लेखात एक वाक्य होतं की परदेशात हॉस्पिटलमध्येही ही तेलं वापरतात. कुठे आणि कशासाठी ते सांगितलं नव्हतं म्हणून मला माहीत असलेल्या दोन गोष्टी सांगते, एक तेलांच्या बाजूची आणि एक विरुद्धची.

बाजूची आधी. १९९८ मध्ये अमेरिकेत एड्सच्या अशा पेशंटवर प्रयोग झाला ज्यांच्या तोंडातला कॅन्डिडा फ्लुकोनॅझोलने हटत नव्हता. त्यांना टी ट्रीचं पातळ केलेलं द्रावण दिवसातून चार वेळा दिलं. चार आठवड्यांनी १२ पैकी ८ जणांना फरक पडला, दोघांचं पूर्ण गेलं, सहा जणांचं कमी झालं. लहान प्रयोग आहे, तुलनेला दुसरा गट नव्हता, पण अशा अडलेल्या पेशंटमध्ये हे वाईट नाही. आणि नीट बघा, ते द्रावण तोंडात खळखळून थुंकायचं होतं, गिळायचं नव्हतं. रक्तातल्या बुरशीशी त्याचा काही संबंध नाही, जिथे बुरशी दिसते तिथेच तेल लागत होतं.

आता विरुद्धची. उत्तर आयर्लंडमध्ये आयसीयूच्या ३९१ पेशंटवर चांगला मोठा प्रयोग झाला, २०१३ मध्ये छापून आला. निम्म्यांना ५ टक्के टी ट्रीच्या बॉडी वॉशने अंघोळ, निम्म्यांना लहान बाळांच्या साध्या साबणद्रावाने. बघायचं होतं एमआरएसए नावाचा हट्टी बॅक्टेरिया कातडीवर चिकटतो का. लॅबमध्ये टी ट्री या बॅक्टेरियाला छान मारतो. आयसीयूत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. बुरशीचा प्रयोग नव्हता हा, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण प्लेटवर पास झालेलं तेल कातडीवर, घामात, साबणात, रोजच्या गडबडीत काय करतं ते असं माणसांवर बघितल्याशिवाय कळत नाही. ऑरिस कातडीवरून काढायचा पक्का उपाय आजही कोणाकडे नाही, तिथे तेलाचा असा प्रयोग कोणी केला तर मी पहिली टाळी वाजवीन. पण आधी प्रयोग, मग चौकट.

तेल वापरूच नये असं मी म्हणतच नाहीये. दाताच्या डॉक्टरकडे गेलात तर झिंक ऑक्साइड-युजेनॉलचं सिमेंट तुमच्या दातात भरतात, तो वास सगळ्यांना ओळखीचा आहे. लिस्टरीनमध्ये थायमॉल, मेन्थॉल, निलगिरीचं सिनिऑल आहेच. तिथे मात्रा ठरलेली आहे, जागा ठरलेली आहे, कोणीतरी तपासलेलं आहे. आणि औषध निसर्गातून येतं याला तर कोणाचीच ना नाही, अ‍ॅम्फोटेरिसिन हेच मुळात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जंतूंपासून १९५० च्या दशकात मिळालं. ते पण तेलांसारखंच पाण्यात न विरघळणारं, आणि सुरुवातीची इंजेक्शनं किडनीवर फार वाईट, शिवाय थंडी वाजून पेशंट पलंगासकट हलायचा. मग त्याला चरबीच्या बारीक गोळ्यांमध्ये गुंडाळलं, लायपोसोमल केलं, तेव्हा किडनी पुष्कळ वाचली. त्याला कितीतरी वर्षं लागली. म्युकरच्या वेळी आपण ज्याच्यासाठी धावलो ते हेच लायपोसोमल. युजेनॉल, थायमॉललाही कोणीतरी असंच गुंडाळायला लागेल, नॅनोइमल्शन वगैरे करून, आणि त्यावर काम चालू आहे. पण तेल जुनंच, ओव्याचं पेटंट कोण घेणार, मग मोठ्या ट्रायलला कोटी रुपये कोण घालणार, कंपनीला त्यात काय मिळतं? हे सरकारी संस्थांनीच करायचं काम आहे.

आणि त्यासाठी नागपूरसारखी जागा नाही हे मी उगीच गावाच्या प्रेमाने म्हणत नाही. रोशा गवत, काही जण तिखाडी म्हणतात, ज्याच्यापासून पामरोजाचं तेल निघतं, ते आपल्या वऱ्हाडातल्या जंगलांचं जुनं पीक, इंग्रजांच्या काळात इकडून ते मुंबईमार्गे तुर्कस्तानात जायचं आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. त्यात ७०-८० टक्के जिरॅनिऑल, आणि जिरॅनिऑल कॅन्डिडावर प्लेटवर चांगलं चालतं. संत्रं तर विचारूच नका, काटोल, नरखेड, वरुडच्या सालींचे ढीग ज्यूसवाल्यांच्या मागे सडत असतात. पण संत्र्याच्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनिन आणि ते बुरशीवर लवंग-ओव्याच्या मानाने अगदीच मवाळ, हे मी संत्रानगरीची असून सांगते. एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, ही १९४२ ची संस्था, तिथे तेलाचं तंत्रज्ञान शिकवतात, आता ते स्वतंत्र विद्यापीठ झालंय, नागपूर विद्यापीठाचा फार्मसी विभाग तिथून हाकेवर, मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, मिहानमध्ये एम्स आहे, तिन्हीकडे मायक्रोबायोलॉजी आहे. तेल शुद्ध करणारे एका बाजूला, बुरशी वाढवणारे दुसऱ्या बाजूला, पेशंट तिसऱ्या बाजूला, सगळे एका शहरात आणि एकमेकांशी बोलत किती असतील देव जाणे. मोठं काही नको, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं तोंड पुसायला किंवा कवळी घालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या टाळूवरच्या कॅन्डिडाला, ठरलेल्या मात्रेचं द्रावण, तुलनेला दुसरा गट, एथिक्स कमिटीची परवानगी, एवढं जरी केलं तरी त्यावर तुम्ही पूर्ण पान छापा, मी कापून ठेवीन.

तोपर्यंत आयसीयूच्या बाहेर बसलेल्या नातेवाइकांना काही करायचं असेल तर तेलापेक्षा कामाच्या गोष्टी आहेत आणि त्या तुमच्या लेखात एका ओळीतही नव्हत्या. आत जाताना आणि बाहेर येताना हात चोळा, दोन्ही वेळा. डॉक्टरांना विचारा सेंट्रल लाईन अजून लागते का, लघवीची नळी अजून लागते का, प्रत्येक जास्तीचा दिवस बुरशीच्या फायद्याचा. ताप उतरत नसेल तर ब्लड कल्चर पाठवली का, बुरशी आली असेल तर कोणती आणि औषधांची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ती कोणत्या औषधाला दाद देते त्याची तपासणी, केली का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, विचारल्याने कोणी पेशंटला बाहेर काढत नाही. शुगर सांभाळा. घरी असताना प्रत्येक सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. आणि ऑरिस निघाला तर पलंग-कठडे क्लोरीनच्या द्रावणाने, म्हणजे हायपोक्लोराइटने, पुसले जातायत का ते बघा, फिनाइलच्या वासावर समाधान मानू नका. हायपोक्लोराइट स्वस्त आहे, वास घाणेरडा आहे, आणि ऑरिस त्याने मरतं.

बायकांसाठी एक, कारण लेखात तेही सूचक लिहिलं होतं. पांढरं जातं, खाज येते म्हणून टी ट्री किंवा ओव्याचं तेल आत लावायचा उद्योग करू नका, नाजूक कातडी भाजून निघते आणि प्रत्येक वेळी ते यीस्टच असतं असंही नाही, तपासून घ्या.

आता चौकट. संपादक साहेब, ती दुरुस्त करा. आतल्या पानावर बारीक टायपात खुलासा नको, त्याच पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या चौकटीत छापा की हे थेंब पोटात घेऊ नयेत, मुलांच्या हाती बाटली लागू देऊ नये, कोणी जास्त पिलंच तर उलटी करवत बसू नका, कारण उलटीत तेल श्वासनळीत जाऊ शकतं, बाटली सोबत घेऊन सरळ दवाखान्यात जा. लेख कोणी ठेवत नाही, चौकट लोक कापून फ्रिजला लावतात, आमच्या मावशीच्या फ्रिजला लागलीय. ती काढून तुमची नवीन लावायची आहे, तेव्हा येत्या रविवारी येते का तेवढं कळवा.

आपली,
लॅबमधली एक वाचक,
मानेवाडा रोड, नागपूर